ऑप्टिक्स लॅबमध्ये दिवसभर पुसापुशी आणि नोंदीच असतात का? शिवाय पावसात फ्रिंज सरकतायत

खाडीकाठची

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. एमएस्सी फिजिक्स झाल्यावर यंदा आगोटीच्या तोंडावर रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. कॉलेज ओळखू आलं तरी नाव लिहू नका प्लीज. आमची लॅब छोटीच आहे, मोठं हवेवर तरंगणारं ऑप्टिकल टेबल वगैरे नाही, ॲल्युमिनियमची जाड ब्रेडबोर्ड आहे, ती कडप्प्याच्या ओट्यावर रबराच्या पॅडवर ठेवलीय, त्यावर ६३२.८ नॅनोमीटरचा हिलियम-निऑन लेसर आणि मायकेल्सन इंटरफेरोमीटर, म्हणजे किरणाचे दोन भाग करून दोन आरशांवरून परत एकत्र आणायचे आणि पडद्यावर फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराचे पट्टे, बघायचे. एका आर्ममध्ये, म्हणजे किरणाच्या एका वाटेत, पॉलिमरची पातळ फिल्म ठेवून तिचा अपवर्तनांक काढायचा असा प्रोजेक्ट.

आता माझा दिवस ऐका. सकाळी आलं की तापमान आणि आर्द्रता वहीत लिहायची, एसी लावायचा, लेसर लावायचा आणि अर्धा तास हात बांधून बसायचं, मग आरसे तपासायचे, धूळ असेल तर ब्लोअरने उडवायची, सिलिका जेल गुलाबी झाली का बघायची, झाली असेल तर ओव्हनमध्ये टाकायची, परत तापमान लिहायचं. दुपारपर्यंत हेच. मग अलाइनमेंट, ती जमेपर्यंत चहाची वेळ, आणि खरं रीडिंग घ्यायला बसलं की फ्रिंज सरकायला लागतात. स्क्रीनवर बघत बसलं तर दोनतीन फ्रिंज एका बाजूला जातात, मग थांबतात, मग उलट्या येतात. मे महिन्यात एवढं नव्हतं म्हणे, पाऊस लागल्यापासून सुरू झालंय.

सर म्हणतात समुद्र जवळ आहे, उधाणाच्या लाटांनी जमीन हलते. लॅबमधले मामा म्हणतात एसीचं काम आहे. मला वाटतं हवेतल्या बाष्पाचं असणार, कारण सड्यावर लॅब आहे आणि पावसात खिडकीच्या फटीतूनसुद्धा ढग आत येतो. आयटीतली मैत्रीण म्हणते तुला झाडूपोछा करायला घेतलंय.

तर दोन प्रश्न. सगळ्याच ऑप्टिक्स लॅबमध्ये दिवस असाच जातो का? आणि फ्रिंज सरकतात त्याचं नक्की कारण कसं शोधायचं, नवीन काही घ्यायला पैसे नाहीत हे धरून.

काचकाम

ताई, मी मूळचा चिपळूणचा, पुण्यात ऑप्टिकल वर्कशॉपमध्ये आहे, म्हणजे लेन्स आणि आरसे घासणारा माणूस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ हो असं आहे. आमच्याकडे एखादा सपाट आरसा लॅम्बडा बाय टेनपर्यंत (तरंगलांबीच्या दहाव्या भागापर्यंत) आणायचा म्हणजे पृष्ठभाग ६३ नॅनोमीटरच्या आत सपाट हवा, तर पिचच्या पॅडवर सेरियम ऑक्साइड लावून पॉलिश करायला जेवढा वेळ जातो त्याहून जास्त वेळ काच गार व्हायची वाट बघण्यात जातो. घासताना काच गरम होते, फुगते, लगेच टेस्ट प्लेटखाली (तपासायच्या सपाट काचेखाली) धरली तर फ्रिंज वाकडे दिसतात, आणि नवीन पोरगा ते बघून परत घासायला लागतो आणि चांगला आलेला पृष्ठभाग घालवतो. म्हणून जुने कारागीर काच ठेवून देतात आणि दुसऱ्याच कामाला लागतात. बघणाऱ्याला वाटतं हे लोक काही करतच नाहीत.

तुमच्या लॅबमध्येही तेच आहे. आणि तो अर्धा तास फुकट जातो असं समजू नका, हिलियम-निऑनची ट्यूब तापताना लांब होते आणि तिचे मोड, म्हणजे ती देते त्या तरंगलांब्या, किंचित सरकत राहतात, त्या काळात घेतलेलं रीडिंग ग्राह्य धरूच नका.

एक विचारतो, तुमच्या ब्रेडबोर्डची भोकं एम६ आहेत की पाव इंची? जुन्या लॅबमध्ये दोन्ही प्रकारचे स्क्रू एकाच डब्यात असतात, एका मापाचा स्क्रू दुसऱ्या मापाच्या भोकात नीट बसत नाही, मध्येच अडकतो, आणि लोक जोर लावून पिळतात. पोस्ट नीट बसलेलाच नसेल तर फ्रिंज काय, आरसासुद्धा डुलेल. आधी सगळे पोस्ट आणि क्लॅम्प हाताने हलवून बघा, फुकटात होतं.

पागोळी

आमच्या विजयदुर्गात हिलियम सापडला आणि तुम्ही हिलियमच्या लेसरवर शंका घेताय, कोकणाचा अपमान आहे हा 😀

बाकी मामांचं ऐका. लॅबमधले मामा नेहमी बरोबर असतात.

निवृत्त_तंत्रज्ञ

मी मुंबईत एका सरकारी प्रयोगशाळेत इंटरफेरोमीटरवरच आयुष्य काढलं, आता गुहागरला असतो. तिन्ही संशयितांकडे एकेक करून बघू.

समुद्र. तुमचे सर अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. लाटांमुळे जमीन खरंच हलते, त्याला मायक्रोसाइझम म्हणतात, साधारण ४ ते ८ सेकंदांची संथ हालचाल असते आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ती वाढते. महागडं हवेवरचं टेबलसुद्धा ती थांबवू शकत नाही, कारण त्या पायांची स्वतःची कंपनं १-२ हर्ट्झच्या आसपास असतात आणि त्याखालची हालचाल ते तशीच वर जाऊ देतात. पण ह्या भूकंपलहरींची लांबी काही किलोमीटर असते. तुमचे दोन आरसे हातभर अंतरावर आहेत, ते दोन्ही एकत्रच हलणार, म्हणजे त्यांच्यातल्या अंतरात फरक जवळजवळ शून्य. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तिथे एकेक आर्म ४ किलोमीटरचा असेल आणि मोजायचं अंतर प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पट लहान, त्यांना समुद्राची काळजी करावी लागते. तुम्हाला नाही. शिवाय तुम्ही सांगताय ती हालचाल मिनिटांची आहे, सेकंदांची नाही.

बाष्प. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. दमट हवेत श्वास जड वाटतो म्हणून प्रकाशालाही जड वाटत असेल असं वाटतं. एडलेनच्या सूत्रात (हवेचा अपवर्तनांक काढायच्या सूत्रात) आकडे घालून बघा. आर्द्रता १० टक्क्यांनी वाढली तर हवेचा अपवर्तनांक एक कोटीत एक एवढाच बदलतो, तोही कमी होतो. तापमान १ अंशाने बदललं तर बदल त्याच्या दहापट. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर बाष्पाच्या अडीचपट. म्हणजे हवेपुरतं बोलायचं तर बाष्प तिसऱ्या नंबरवर.

एसी. आता मूळ मुद्दा. मायकेल्सनमध्ये आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की एक फ्रिंज जातो. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. समजा तुमचे दोन आर्म १० सेंटिमीटरने लहानमोठे आहेत, तर ब्रेडबोर्ड फक्त ०.१ अंशाने तापली तरी २३० नॅनोमीटरचा फरक पडतो, म्हणजे पाऊण फ्रिंज. दोनतीन फ्रिंज जायला अर्धा अंशसुद्धा लागत नाही. साधा एसी कॉम्प्रेसर चालूबंद करत खोली दीडदोन अंश वरखाली करतो, धातू त्याच्या मागून हळूहळू जातो, एका बाजूला, मग थांबतो, मग उलट. तुमचं वर्णन तेच आहे.

पैसे न लागणारी चाचणी अशी. मोबाईल स्टँडवर लावून पडद्यावरच्या फ्रिंजचा अर्धा तास व्हिडिओ काढा, एसीचा आवाज त्यात येईलच. कॉम्प्रेसर बसल्याचा खट्ट आवाज आणि फ्रिंज उलटे फिरण्याची वेळ ह्यांचा मेळ बसतो का बघा, किंचित मागेपुढे चालेल. मग एसी बंद करून तेवढाच वेळ परत. आणि थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, ब्रेडबोर्डलाच टेपने चिकटवा. भिंतीचं तापमान घेऊन काय करायचंय.

मालवणी_भिंग

गो बाय, बुरशी म्हणजे आमचो धंदो. मी कुडाळाक कॅमेरे, दुर्बिणी आणि सर्व्हेवाल्यांचे डम्पी लेव्हल दुरुस्त करतंय. पुढचा मराठीत लिवतंय, सगळ्यांका कळाक होया.

फ्रिंजचं मला कळत नाही पण काचेचं कळतं. पाऊस गेला की ऑक्टोबरात माझ्याकडे रांग लागते, सगळ्यांचं एकच, लेन्समध्ये कोळ्याचं जाळं दिसतंय. ती बुरशी. हवेत ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता बरेच दिवस राहिली की ती धरते, आणि नुसती वर बसत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं ते कोटिंग आणि काच दोन्ही खातं. बुरशी पुसली तरी तिची नक्षी उरते. चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली दुर्बीण सगळ्यात आधी जाते, चामडं ओल धरून ठेवतं. लोक प्रेमाने केसमध्ये घालून कपाटात कुलूपबंद करतात. उघड्यावर रोज वापरात असलेली वस्तू त्यापेक्षा चांगली टिकते, हे मी कितीदा बघितलंय.

तुमच्याकडे ड्राय कॅबिनेट नसेल तर पत्र्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक लहान पिवळा बल्ब चालू ठेवा. जुना उपाय आहे पण खरा आहे. २७ अंशाला ९० टक्के असलेली हवा ३२ अंशांपर्यंत नेली की तीच हवा ६७ टक्क्यांवर येते, अजून दोन अंश चढली की ६०. एलईडी नको, तो तापत नाही. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांचा थर काचेवर बसतो. तांदळात पण ठेवू नका, तांदळाचा कोंडा जातो आत.

सिलिका जेल निळी असेल तर तिच्यात कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकघरातल्या भांड्यात भाजायची नाही. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनतीन तास. मे महिन्यातलं ऊनसुद्धा तिला पुरत नाही, आमच्याकडे लोक आंबोशीबरोबर गच्चीवर वाळत घालतात आणि निळी झाली नाही म्हणून दुकानदाराला शिव्या देतात.

फोटॉन_पाटी

मी सावंतवाडीची, बाहेर पीएचडी करतेय, लेसर लॅबमध्येच असते. वरचं सगळं पटलं, तीनचार गोष्टी घालते.

पुसापुशीबद्दल. तुम्ही समुद्राजवळ आहात म्हणजे धुळीत मीठ असणार. मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर गेलं की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, म्हणजे आरशावर बसलेला कण पावसाळ्यात खाऱ्या पाण्याचा थेंब होतो आणि ॲल्युमिनियमचं कोटिंग खायला लागतो. ते ॲसिटोनने जात नाही! ॲसिटोनमध्ये मीठ विरघळतच नाही, तुम्ही फक्त ते खरखरीत कण काचेवर फिरवता. आधी ब्लोअर, मग कोटेड लेन्स असेल तर डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल. लेन्स टिश्यू काचेवर अंथरायचा, एक थेंब टाकायचा आणि टिश्यू एका बाजूने सावकाश ओढून घ्यायचा, दाबायचं नाही, तोच टिश्यू परत वापरायचा नाही. उघड्या ॲल्युमिनियमच्या किंवा सोन्याच्या आरशाला फक्त ब्लोअर, आणि ग्रेटिंगला (बारीक रेघांच्या, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या पट्टीला) तर काहीच लावायचं नाही, धूळ असू दे. खरं सांगायचं तर रोज पुसणं हेच मुळात चूक आहे, जेवढं कमी पुसाल तेवढा आरसा टिकेल, झाकून ठेवणं हे खरं काम.

दुसरं, तुमच्या लॅबमध्ये एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट मोजायचं यंत्र) असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष द्या, त्यात पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या असतात, त्या मिठासारख्याच पाणी ओढतात आणि पावसात एक रात्र उघड्या राहिल्या तर पांढऱ्या धुरकट होतात. त्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नको.

तिसरं डोळ्यांचं, कोणीच सांगत नाही म्हणून सांगते. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून ठेवायची, मंगळसूत्र किंवा चेन असेल तर ड्रेसच्या आत. किरण एकाच उंचीवर ठेवायचा आणि डोळा त्या उंचीवर कधी आणायचा नाही. स्क्रू खाली पडला तर वाकताना टेबलाकडे पाठ करायची. तुमचा लेसर एकदोन मिलिवॅटचा असेल, त्याने लगेच काही होणार नाही, पण सवय आत्ताच लागली पाहिजे, कारण पुढे १०६४ नॅनोमीटरचा लेसर हातात आला की तो दिसतच नाही.

आणि मैत्रिणीला सांगा, वहीतल्या नोंदी म्हणजेच तुमचा डेटा आहे. तुम्ही पॉलिमर मोजताय ना? काचेचा अपवर्तनांक तापमानाने फार थोडा बदलतो, पॉलिमरचा दर अंशाला साधारण ०.०००१ ने घटतो. म्हणजे एसी दोन अंश वरखाली झाला की तुमचा चौथा दशांश गेला. शिवाय बरेच पॉलिमर हवेतलं पाणी पितात आणि फुगतात. वरच्या काकांनी बाष्प निर्दोष सोडलं ते हवेपुरतं, नमुन्यासाठी नाही. जूनमध्ये काढलेला आकडा आणि डिसेंबरमध्ये काढलेला आकडा वेगळा आला तर तुम्हाला उत्तर देता येईल ते फक्त त्या आर्द्रतेच्या रकान्यामुळे.

निवृत्त_तंत्रज्ञ

फोटॉन_पाटी, अगदी बरोबर, नमुन्याचा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता असं नाही म्हणणार, पण तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

आणि पागोळी, हिलियमचं जरा नीट करू. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ तेव्हा गुंटूरला होता. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता, त्याने ऑक्टोबरात तिथूनच ग्रहण नसताना स्पेक्ट्रोस्कोपने सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि त्यात ती पिवळी रेषा. विजयदुर्गला लॉकियर आला, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोपर्यंत रॅमसेने १८९५ मध्ये पृथ्वीवर हिलियम शोधूनही झाला होता.

पागोळी

काका, लॉकियर साहेबाने दुर्बिणी ठेवलेले कट्टे आहेत हो किल्ल्यावर, लहानपणी शाळेच्या सहलीला दाखवलेत.

निवृत्त_तंत्रज्ञ

कट्टे आहेत, कोण नाही म्हणतंय. साहेबही होता, पण तीस वर्षांनी. आणि मला विचाराल तर १८९८ ची गोष्टच जास्त भारी आहे, बोटीतून प्रिझम आणि कॅमेरे किनाऱ्यावर उतरवून जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी सगळं अलाइन करायचं, खारा वारा तोंडावर. जानेवारी होता म्हणून निभावलं. ऑगस्टात विजयदुर्गावरून सूर्य दिसायची खात्री कोण देईल?

खाडीकाठची

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. व्हिडिओ काढला. मामा जिंकले! कॉम्प्रेसर बसला की थोड्याच वेळात फ्रिंज थांबतात आणि उलटे फिरतात, सुरू झाला की परत तेच, अगदी पाठ झाल्यासारखं. एसी बंद केल्यावर मागेपुढे होणं थांबलं, फक्त एकाच दिशेने सावकाश जात राहिले, ते खोली तापत जाते त्याचं असावं. सरांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी मायक्रोसाइझमचं वाचलं आणि आता तेच मला त्यावर लेक्चर देतायत, ते असो. मामांना सांगितलं तर म्हणाले मी पंखा लावायला सांगत होतो.

आर्म खरंच लहानमोठे निघाले, ९-१० सेंटिमीटरचा फरक आहे. स्क्रू सगळे एम६ आहेत, पण बीम स्प्लिटरचा पोस्ट हलत होता, तो घट्ट केला. आता सेटअपवर थर्माकोलचं खोकं करून ठेवायचा विचार आहे, फ्रीज आला होता त्याचं पॅकिंग पडलंय. चालेल ना?

दुसरी अडचण, लाईट. पावसात दिवसातून कितीदातरी जाते, एसी बंद पडतो, मग आत गुदमरायला होतं आणि सगळे खिडक्या उघडतात. त्यानंतर आरशांवर वाफ धरल्यासारखं दिसलं.

काचकाम

थर्माकोल नको ताई. उष्णता अडवतो ते खरं, पण त्याचे बारीक मणी सुटतात आणि स्थिर विजेने आरशावर जाऊन चिकटतात, उडवायला गेलं की शेजारच्या आरशावर बसतात. सनबोर्ड (बॅनरचा हलका प्लास्टिक फोमचा बोर्ड) घ्या, बॅनरवाल्यांकडे तुकडे पडलेले असतात, कटरने कापून काळी टेप लावून खोकं करा. लेसर खोक्याच्या बाहेर ठेवा आणि किरणासाठी भोक ठेवा, नाहीतर लेसरच आत हीटर होईल. खोकं ठेवल्यावर लगेच रीडिंग घेऊ नका, तुमच्या हातांची ऊब आत गेलेली असते. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, म्हणून रीडिंग घेताना टेबलापासून लांब, आणि सगळे बघायला आलेले विद्यार्थी बाहेर.

आर्म सारखे करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, खोक्याच्या आधी तेच करा. दोन्ही आर्म सारखे असले की ब्रेडबोर्ड तापली तरी दोन्ही सारखेच वाढतात, हवेचा दाब बदलला तरी दोन्हीकडे सारखाच. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला चढतो, दोनचार हेक्टोपास्कलचा फरक असतो, तोही आपोआप वजा होतो. आरशाचा माउंट सरकवायला पोस्ट होल्डर कमी पडला तर मिरजोळे एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घ्या, फक्त कडांच्या बर (कापताना राहिलेले धारदार कंगोरे) काढून घ्या आणि कटिंग ऑइल साबणाने नीट धुऊन, वाळवून मगच टेबलावर आणा, त्या तेलाची वाफ हळूहळू काचेवर बसते. तुमच्या टेबलाखाली रबर पॅड आहेत त्याऐवजी स्कूटरच्या ट्यूब थोड्या हवेवर ठेवून बघा, रस्त्यावरच्या डंपरची थरथर बरीच कमी होते. हे मी हौशी होलोग्राफीवाल्यांकडे बघितलंय.

निवृत्त_तंत्रज्ञ

लाईट गेल्यावर खिडकी उघडणं हे तुमच्या लॅबमधलं सगळ्यात महाग काम आहे. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी धरायला लागतं ते, सुमारे २७ अंश. तुमचे आरसे एसीत राहून २४ ला आलेले. खिडकी उघडली की ती हवा गार काचेला लागते आणि पाणी धरतं, कोल्ड्रिंकच्या बाटलीवर धरतं तसं. त्यात फोटॉन_पाटीने सांगितलेलं मीठ. तेव्हा लाईट गेली की माणसांनी बाहेर जायचं, खिडक्या दारं बंदच ठेवायची, खोकं असेल तर खोक्यावर कापड. आत गरम होईल, होऊ द्या, काच हवेबरोबरच हळूहळू तापली तर पाणी धरत नाही. लेन्स दुसऱ्या खोलीत न्यायची असेल तर इथेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, तिकडे नेऊन तासभर तशीच ठेवायची आणि मग उघडायची.

एसी २४ वर ठेवायची गरजच काय हेही विचारा. २७ वर ठेवलात तर दवबिंदूशी अंतर कमी आणि बिलही कमी. पॉलिमरचा अपवर्तनांक २७ अंशाला काढला असं लिहायचं, त्यात काही कमीपणा नाही, फक्त प्रत्येक रीडिंगला तेच तापमान हवं. आणि शक्य असेल तर रीडिंग घ्यायच्या वेळेला एसी बंद, खोकं बंद, संध्याकाळी कॉलेज रिकामं झाल्यावर. आम्ही चांगली रीडिंग रात्रीच घ्यायचो, लोकल बंद झाल्यावर.

खाडीकाठची

संध्याकाळचं अवघड आहे, शेवटची एसटी साडेसहाची आहे. सकाळी लवकर येऊन बघते, सातला कोणी नसतं. एसी २७ वर केलाय. कॅबिनेटसाठी अर्ज दिलाय तो कधी पास होईल देव जाणे, तोवर बल्ब लावलाय.

एक शेवटचं, प्राचार्यांनी जुन्या लायब्ररीतला डिह्युमिडिफायर आम्हाला दिला. रोज बादलीभर पाणी निघतं त्यातून! मामा विचारतायत की हे हवेतलं पाणी म्हणजे डिस्टिल्डच ना, मग लेन्स धुवायला विकतचं कशाला आणायचं.

मालवणी_भिंग

मामांका म्हणा नको रे बाबा. त्या पाण्यात कॉइलवरची धूळ, धातू आणि टाकीतली शेवाळ सगळं येतं, आणि टाकी स्वतःच बुरशीचं घर असते, ती आठवड्याला घासून वाळवा. लेन्सला केमिस्टकडची नाहीतर तुमच्याच केमिस्ट्री डिपार्टमेंटची ताजी बाटली. डिह्युमिडिफायर खोलीत गरम हवा सोडतो हे पण लक्षात ठेवा, टेबलाच्या बाजूला नको, दाराकडे ठेवा आणि रीडिंगच्या वेळी बंद. पाण्यान लादी पुसूक हरकत नाय.